पानात शिरलेला उजेड जातो कुठं? पालक, खडू आणि मोरचूद घेऊन घरी बघायची रीत

पालकाची एक कोवळी जुडी घ्या. बाकी सामान असं: नोटा तपासायची जांभळ्या उजेडाची टॉर्च, आयसोप्रोपिल अल्कोहोलची लहान बाटली, पांढरा खडू, सुई काढलेली दहा मिलीची सिरिंज, खायचा सोडा, भांडी घासायचं लिक्विड, पांढरं व्हिनेगर, चिमूटभर मोरचूद (कॉपर सल्फेट, म्हणजे तांब्याचा निळा क्षार), चिमूटभर हळद आणि जॅमच्या चार-पाच रिकाम्या काचेच्या बाटल्या. तासगाव भागात राहत असाल तर मोरचूद विकत आणायची गरज नाही, बागेवर बोर्डो, म्हणजे मोरचूद-चुन्याचं औषध, मारणारं एखादं घर शेजारी असतंच. अल्कोहोल मेडिकलमध्ये मिळालं नाही तर मोबाइल दुरुस्तीचं सामान विकणाऱ्याकडं ‘आयपीए’ म्हणून मागा आणि बाटलीवर ९९ टक्के लिहिलंय ना, ते बघून घ्या.

मी माध्यमिक शाळेत प्रयोगशाळा सहाय्यक होते. शिक्षक फळ्यावर समीकरण लिहायचे आणि परीक्षानळ्या मी धुवायची. कार्बन डायऑक्साइड अधिक पाणी, मग बाण, पुढं ग्लुकोज अधिक ऑक्सिजन. सूर्यप्रकाश हा शब्द त्या बाणाच्या डोक्यावर बारीक अक्षरात. मुलं तो बाण पाठ करायची, पण उजेडाचं पुढं होतं काय, हे कुणी विचारायचं नाही आणि पुस्तकही तिथं घाईनं पुढं जायचं. आता सुट्टीत गल्लीतली पोरं आमच्या सोप्यात जमतात, त्यांच्यासाठी ही रीत बसवली आहे. सकाळी सुरू केलं की संध्याकाळपर्यंत सगळं उरकतं.

बघायचंय ते एवढंच. हरितद्रव्य उजेड पकडतं हे सगळ्यांना पाठ असतं, पण पकडलेला उजेड त्याला धरून ठेवता येत नाही. हरितद्रव्याच्या रेणूनं प्रकाशकण घेतला की काही नॅनोसेकंदांच्या (नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग) आत ती ऊर्जा कुठंतरी द्यावीच लागते. शेजारच्या रेणूला द्यायची, नाहीतर उष्णता म्हणून सोडायची, नाहीतर उजेड म्हणूनच परत फेकायची. पान जगतं ते पहिल्या वाटेवर. बाकीच्या दोनपैकी उष्णतेची वाट त्याच्या जिवाच्या रक्षणासाठी आहे, आणि ती बिघडली की हिरवंगार पानसुद्धा उन्हात जळतं.

आधी अर्क

सक्त सूचना: अल्कोहोल पेट घेतं. ते गॅसवर कधीच ठेवायचं नाही. पाणी उकळायचं, गॅस बंद करायचा, पातेलं शेगडीपासून लांब जमिनीवर आणायचं आणि मग त्या गरम पाण्यात अल्कोहोलची बाटली उभी करायची. खिडकी उघडी ठेवा. पोरं जवळ असतील तर काडेपेटी फळीवर वर ठेवून द्या. शाळेत मी हेच करायची आणि घरीही करते.

पालकाची आठ-दहा पानं देठ काढून अर्धा मिनिट उकळत्या पाण्यात बुडवा, बाहेर काढा, पिळा आणि जुन्या धोतराच्या फडक्यावर अगदी कोरडी करा. इथं कंटाळा नको. पानात पाणी राहिलं तर पुढं खडूवरचे रंग एकमेकांत मिसळतात. मग पानं हातानं फाडून बाटलीत टाका, बुडतील एवढं अल्कोहोल ओता, झाकण सैल ठेवून बाटली दहा मिनिटं गरम पाण्यात ठेवा. हिरवा रंग पानातून सुटून द्रवात उतरताना दिसतो. पानं शेवटी इतकी फिकी होतात की शिरा तेवढ्या उठून दिसतात. हा अर्क गाळून घ्या आणि वापरेपर्यंत फडताळात अंधारात ठेवा.

त्यातला थोडा अर्क दुसऱ्या बाटलीत काढून त्यात आणखी अल्कोहोल घाला. पलीकडं धरलेलं बोट दिसेल इतका पातळ करा. गडद अर्क पुढच्या प्रयोगाला नको, तो स्वतःचाच उजेड परत गिळतो.

लाल उजेड

खोलीत पूर्ण काळोख करा. लाइट गेलेली संध्याकाळ या कामाला उत्तम, आणि आमच्याकडं ती सोय न मागता होते. टॉर्च बाटलीच्या बाजूनं लावा आणि तुम्ही समोरून बघा. टॉर्च कुणाच्याही डोळ्यात मारायची नाही.

हिरवा अर्क लालभडक दिसतो. टॉर्चचा झोत जिथून शिरतो तिथं काचेच्या आतल्या बाजूला लाल पट्टा उमटतो, आणि टॉर्च हलवली की पट्टाही हलतो. शेजारच्या पोरानं पहिल्यांदा बघितलं तेव्हा म्हणाला, “काकी, रक्त हाय का ह्यात?” रक्त नाही. टॉर्च बंद केली की बाटली परत हिरवीच.

नुसत्या अल्कोहोलच्या बाटलीवर टॉर्च मारून बघा, लाल काही दिसत नाही. मग त्या अल्कोहोलात चिमूटभर सांगलीची हळद टाका, हलवा, निवळू द्या आणि टॉर्च मारा. ती पिवळट हिरवी चमकते. म्हणजे लाल रंग टॉर्चमधला नाही. पदार्थ बदलला की चमकही बदलते. हे दाखवल्याशिवाय पुढं जाऊ नका. नाहीतर पोरं सगळं श्रेय टॉर्चला देतात.

आत काय झालं? जांभळ्या प्रकाशकणात ऊर्जा जास्त असते. हरितद्रव्यानं तो घेतला की वरची जादा ऊर्जा नॅनोसेकंदाच्याही लहानशा तुकड्यात उष्णता होऊन निघून जाते आणि रेणू खालच्या एका ठरलेल्या पायरीवर येऊन थांबतो. तिथून खाली येताना तो जो उजेड टाकतो तो लालच असतो, मग तुम्ही टॉर्च जांभळी मारा की निळी. पानात असताना त्या पायरीवरून ऊर्जा शेजारच्या रेणूला देता येते. इथं बाटलीत शेजारी उरलेलेच नाहीत, आपण पान मोडून सगळे रेणू सुटे केलेत. मग शंभर प्रकाशकण घेतले तर तीसच्या आसपास असे लाल होऊन परत येतात. जिवंत पानात हाच आकडा शंभरात एक-दोन.

ते एक-दोनही बघता येतात. पालकाचं ताजं पान वीस मिनिटं काळोखात ठेवा, मग त्यावर टॉर्च मारा आणि डोळ्यासमोर लाल जिलेटिन पेपरची दुहेरी घडी धरा, म्हणजे जांभळा उजेड अडतो. अंधुक लाल दिसेल. डोळा सरावलेला असेल तर असंही वाटेल की सुरुवातीला पान जास्त चमकलं आणि मग मंदावलं. जर्मनीत हान्स काउट्स्की यांनी १९३१ साली हेच टिपलं होतं. काळोखातून आलेल्या पानाची यंत्रणा अजून जागी झालेली नसते, म्हणून आधी उजेड सांडतो. काम सुरू झालं की सांडणं कमी होतं.

व्हिनेगर, मग मोरचूद

हा भाग मला सगळ्यात आवडतो, आणि पुस्तकात तो सापडत नाही म्हणून जरा सावकाश सांगते.

पातळ अर्क दोन लहान बाटल्यांत सारखा वाटा. एक तशीच ठेवा. दुसरीत व्हिनेगरचे दहा-बारा थेंब टाका आणि बाटली गरम पाण्यात ठेवा. अर्क हिरव्याचा तपकिरी होत जातो. स्वयंपाकघरात हे रोज होतं. पालकाच्या पातळ भाजीत चिंच किंवा ताक पडलं की तिचा रंग असाच मळतो. हरितद्रव्याच्या रेणूच्या मधोमध मॅग्नेशियमचा एक अणू असतो. आम्लानं तो निघून जातो आणि त्याच्या जागी हायड्रोजन येऊन बसतो.

द्राक्षबागायतदारांना मॅग्नेशियम सांगावं लागत नाही. जुन्या पानांच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा पडला की त्यांचा हात मॅग्नेशियम सल्फेटकडं जातो. वेल जुन्या पानातलं मॅग्नेशियम काढून नव्या पानाला देते, म्हणून पिवळेपणा खालून सुरू होतो. लोहाचं उलट आहे. लोह हरितद्रव्याच्या रेणूत नसतंच, पण ते तयार करायला लागतं आणि झाडाला ते एका पानातून दुसऱ्या पानात सहज हलवता येत नाही. म्हणून चुनखडीच्या जमिनीत ऊस पांढरट पडतो तो शेंड्याकडून.

आता मोरचुदाचे तीन-चार बारीक खडे चमचाभर पाण्यात विरघळवा आणि ते निळं पाणी तपकिरी अर्कात थेंब थेंब घाला. बाटली परत गरम पाण्यात ठेवा आणि तिच्याकडं बघत बसू नका, दुसरं काम करा. हळूहळू हिरवा रंग परत येतो, पहिल्यापेक्षा जरा निळसर आणि जास्त तजेलदार. मॅग्नेशियमच्या रिकाम्या जागी तांबं बसलं. काही हिरव्या खाद्यरंगांत हेच तांब्याचं हरितद्रव्य असतं, कारण ते उडत नाही.

काळोख करा आणि दोन्ही बाटल्यांवर टॉर्च मारा. साधा अर्क लाल. मोरचुदाचा अर्क दिसायला त्याहून हिरवा, पण लाल उजेड गेलेला. तांब्यामुळं ऊर्जा रेणूच्या आतच क्षणात उष्णता होऊन संपते. पुढं द्यायला काही उरतच नाही. हिरवा रंग दिसला म्हणजे पान उजेड कामाला लावतंय असं नसतं, हे पोरांना मी तोंडानं कधीच पटवू शकले नसते. या दोन बाटल्यांनी ते काम केलं.

याच दोन्ही बाटल्या खिडकीत उन्हात ठेवा. साधा अर्क उडून पिवळट पडतो, तांब्याचा तसाच राहतो. साध्या हरितद्रव्याची ऊर्जा जायला जागा नसली की ती हवेतल्या ऑक्सिजनला मिळते, आणि असा चेतलेला ऑक्सिजन त्या हरितद्रव्यालाच खातो. उसात तणावर मेट्रिब्युझीन किंवा ॲट्राझीन मारतात ते याच दुखण्यावर चालतं. ही औषधं पानातली इलेक्ट्रॉन पुढं जायची वाट अडवतात. तण उजेड पकडत राहतं, ऊर्जा आत तुंबते आणि पान भर उन्हात करपतं. ऊस त्यातल्या ॲट्राझीनचा आपल्या पेशीत बंदोबस्त करतो, म्हणून तो वाचतो.

मोरचूद विषारी आहे. त्याची बाटली, चमचा आणि झाकण परत स्वयंपाकघरात येता कामा नये. काम झालं की पाणी ओढ्यात किंवा मोरीत ओतू नका. मी ते जुन्या बाटलीत साठवून ठेवते आणि शाळेच्या रासायनिक कचऱ्याबरोबर पाठवते.

खडूवरचे रंग

पहिल्या गडद अर्कात काडी बुडवून खडूच्या खालच्या टोकापासून दोन बोटं वर गोल रेघ मारा. वाळू द्या, परत मारा. रेघ काळपट हिरवी होईपर्यंत हे चालू ठेवा. मग बाटलीत अर्धा सेंटीमीटर स्वच्छ अल्कोहोल घ्या आणि त्यात खडू उभा करा. रेघ द्रवाच्या वर राहिली पाहिजे. झाकण ठेवा.

अल्कोहोल खडूतून वर चढतं आणि रंग सोबत नेतं. पिवळा सगळ्यात पुढं पळतो, हिरवा मागं रेंगाळतो. नीट बघितलं तर हिरव्यातही दोन छटा लागतात, निळसर हिरवी ती हरितद्रव्य-अ ची आणि पिवळसर हिरवी ती हरितद्रव्य-ब ची. घरच्या सामानावर हे दोन पट्टे स्वच्छ सुटे होत नाहीत, तेवढी अपेक्षा ठेवू नका. रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ मिखाईल त्स्वेत यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पानातले रंग असेच वेगळे केले. त्यांनी काचेच्या नळीत कॅल्शियम कार्बोनेटची, म्हणजे खऱ्या खडूची, पूड भरली होती. आपल्या शाळेतला खडू बहुतेक प्लास्टर ऑफ पॅरिसचा असतो, तरी चालतो.

एका पानाला इतके रंग कशाला? हरितद्रव्य-अ निळा आणि तांबडा उजेड भरपूर घेतं, मधला फारसा नाही. हरितद्रव्य-ब आणि पिवळी-नारिंगी कॅरोटिनॉइडं त्या मधल्या फटीत हात घालतात. तेओडोर एंगेलमान यांनी १८८२ साली शेवाळाच्या एका धाग्यावर लोलकातून सप्तरंगी पट्टा पाडला आणि ऑक्सिजनकडं धावणारे जीवाणू त्यात सोडले. ते तांबड्या आणि निळ्या भागाशी गर्दी करून बसले. कुठल्या रंगात काम होतं याची खूण त्यांनी जीवाणूंकडून काढून घेतली. मला आजही याहून देखणा प्रयोग माहीत नाही.

एक गैरसमज मात्र सगळीकडं आहे. पान हिरवं दिसतं म्हणजे ते हिरवा उजेड सगळा परत पाठवतं, असं सर्रास शिकवलं जातं. तसं नाही. बाटलीतल्या अर्कातून हिरवा सरळ निघून जातो हे खरं, पण पानाच्या आत पेशी आणि हवेच्या पोकळ्या यांच्यात तो आपटत फिरतो आणि बराचसा आतल्या थरात घेतला जातो. तांबड्या-निळ्याच्या तुलनेत जास्त सुटतो तेवढाच आपल्या डोळ्याला दिसतो.

आता हे रंग पानात सुटे नसतात. रॉबर्ट एमर्सन आणि विल्यम आर्नॉल्ड यांनी १९३२ साली शेवाळावर क्षणभराचे झगझगीत झोत मारले आणि मोजलं. एका झोताला ऑक्सिजनचा एक रेणू निघायला हरितद्रव्याचे सुमारे २५०० रेणू लागत होते. त्यातून पुढं उलगडत गेलं की बहुतेक रेणू फक्त गोळा करायचं काम करतात आणि खरं काम थोड्याच ठिकाणी होतं. आटपाडी-खानापूरच्या माळावर पाणलोटाची कामं बघितलेल्यांना हे लगेच समजतं. माळावर जिथं पाऊस पडतो तिथं तो कामाचा नसतो. उतारानं येऊन एका बंधाऱ्यात जमला की कामाचा, आणि बंधारा भरला की सांडवा लागतोच. पानातही उतार आहे. कॅरोटिनॉइड आणि हरितद्रव्य-ब कडून हरितद्रव्य-अ कडं, आणि तिथून अभिक्रिया केंद्राकडं, म्हणजे खरं काम होतं त्या ठिकाणाकडं, प्रत्येक टप्प्यावर ऊर्जा थोडी थोडी खाली उतरते. दोन-तीनशे रेणूंचा असा एकेक माळ असतो आणि वाट पिकोसेकंदांत, म्हणजे नॅनोसेकंदाच्या हजाराव्या भागांत, कापली जाते. सांडवा म्हणजे आपल्या खडूवर पुढं पळालेल्या पिवळ्या रंगांपैकी काही. ऊन वाढलं की पानात व्हायोलाझँथिन नावाच्या रंगाचं झिअ‍ॅझँथिन होतं आणि जादा ऊर्जा उष्णता म्हणून बाहेर काढली जाते. ऊन उतरलं की परत पहिलं.

टिकल्या वर येतात का?

पाण्यातल्या हायड्रिलाचे बुडबुडे मोजण्याचा प्रयोग पुस्तकात असतो. माझं त्याच्याबद्दल चांगलं मत नाही. ऊन लागून पाणी तापलं तरी त्यात विरघळलेली हवा बुडबुडे होऊन निघते आणि मुलं तेही मोजतात. त्यापेक्षा हे करा.

दीड पेला पाण्यात लहान चमच्याचा आठवा भाग खायचा सोडा विरघळवा. धुण्याचा सोडा नको. भांड्याच्या लिक्विडचा एक थेंब टाका, फेस आला तर थोडं पाणी वाढवा. कागदाला भोकं पाडायच्या पंचनं ताज्या पालकाच्या टिकल्या पाडा, जाड शिरा टाळा. दहा टिकल्या सिरिंजमध्ये टाका, दट्ट्या लावा, थोडं सोड्याचं पाणी आत ओढा आणि वरची हवा बाहेर काढा. टोकावर बोट घट्ट दाबून दट्ट्या मागं खेचा आणि दहा सेकंद धरा. टिकल्यांच्या कडेनं बारीक बुडबुडे निघतात, ती पानातल्या पोकळ्यांमधली हवा. सिरिंज हलवत बोट सोडा, त्या रिकाम्या जागेत पाणी शिरतं. दोन-तीनदा केलं की टिकल्या बुडतात. बुडलेली टिकली काळपट आणि जराशी आरपार दिसते. कोरडी राहिलेली लगेच ओळखू येते, ती वरच तरंगते.

तीन पेले करा. पहिल्यात सोड्याचं पाणी, उजेडात. दुसऱ्यात लिक्विडचा थेंब घातलेलं साधं पाणी, उजेडात. तिसऱ्यात सोड्याचं पाणी, पण वर डबा पालथा घालून काळोखात. प्रत्येकात दहा टिकल्या. दुसऱ्या पेल्यासाठी सिरिंजमध्येही साधंच पाणी ओढा. उजेडाला एलईडी बल्ब वीतभर अंतरावर ठेवा. आपल्याकडचं एप्रिल-मेचं ऊन वापरायचं असेल तर पेले गार पाण्याच्या परातीत ठेवा.

पाच-दहा मिनिटांत पहिल्या पेल्यातली एखादी टिकली कडेवर उभी राहते, डळमळते आणि वर जाते. मग बाकीच्या एकामागून एक. पेल्यात वाकून बघितलं तर टिकलीच्या खालच्या बाजूला चिकटलेला बुडबुडा दिसतो. तो ऑक्सिजन.

हा ऑक्सिजन कार्बन डायऑक्साइडमधला नाही, पाण्यातला आहे. अभिक्रिया केंद्रात ऊर्जा पोचली की तिथला इलेक्ट्रॉन सुटून पुढं जातो. ती रिकामी जागा भरायला पान पाणी फोडतं. मँगनीजचे चार अणू आणि कॅल्शियमचा एक, असा एक बारीक गुच्छ हे काम करतो. चार इलेक्ट्रॉन काढले की दोन पाण्याच्या रेणूंतून ऑक्सिजनचा एक रेणू बाहेर. इलेक्ट्रॉनला वाटेत दोनदा उजेडाचा धक्का लागतो, एकदा पी-६८० या केंद्रात आणि पुढं पी-७०० मध्ये. म्हणजे ऑक्सिजनच्या एका रेणूमागं किमान आठ प्रकाशकण.

आता पोरं विचारतात आणि विचारायलाच पाहिजे: ऑक्सिजन पाण्यातून येतो, तर दुसऱ्या पेल्यात पाणी आहे, उजेड आहे, मग टिकल्या तळाशीच का? कारण पुढची वाट तुंबली आहे. इलेक्ट्रॉन शेवटी साखर बनवायच्या कामात खपतात आणि साखरेला कार्बन डायऑक्साइड लागतो. सोड्यानं तो पुरवला, साध्या पाण्यात तो नावापुरता आहे. पुढं मागणी नाही म्हणून मागं पाणी फुटत नाही, आणि पडलेला सगळा उजेड पिवळ्या रंगांच्या सांडव्यावरून उष्णता होऊन जातो.

वर आलेल्या टिकल्यांचा पेला डब्याखाली झाका. काही वेळानं त्या परत खाली बसू लागतात, काळोखात पेशी तोच ऑक्सिजन श्वसनाला वापरतात. वेळ असेल तर पेल्यांना तांबडा, निळा आणि हिरवा जिलेटिन पेपर दुहेरी गुंडाळून शर्यत लावा. हिरव्याखालीही टिकल्या उठतात, फक्त उशिरा.

पानात पिष्ट झाल्याची आयोडिनची परीक्षा सगळ्यांनी शाळेत केलेली असते, म्हणून ती सोडते. करायचीच असेल तर जास्वंद घ्या. कांद्याची पात घेऊ नका, ती पिष्ट साठवतच नाही.

मांडवाखाली मोजणं

पुतण्याची द्राक्षबाग आहे, त्यामुळं हा शेवटचा भाग शेतात होतो. एक पान त्याच्यावर पडलेल्या कामाच्या उजेडातला मोठा हिस्सा स्वतःच घेतं. त्याच्या थेट खालच्या पानाला साधारण दहावा हिस्सा मिळतो, त्याच्याही खालच्याला शंभरावा. ते तिसरं पान श्वसनाला जेवढं खर्च करतं तेवढंही कमवत नाही. आणि सगळ्यात वरचं पान? भर दुपारच्या उन्हातला निम्मासुद्धा उजेड ते कामाला लावू शकत नाही, बाकीचा सांडव्यावरून जातो. म्हणून पानांची दाटी वाढवून माल वाढत नाही.

ऊस यात वेगळा आहे. उजेड पकडायची यंत्रणा ऊस आणि द्राक्ष दोघांचीही तीच, पण ऊस, ज्वारी, मका ही पिकं कार्बन डायऑक्साइड आधी एका ठिकाणी दाट करून घेतात, त्यामुळं पुढची वाट सहसा तुंबत नाही आणि जास्त ऊन कामाला येतं. उन्हातली ऊर्जा वनस्पतीच्या वजनात उतरवण्याची वरची मर्यादा उसासारख्या पिकांना शंभरात ६ आणि द्राक्ष, हळद, गहू यांना ४.६ धरली जाते. शेतात प्रत्यक्षात दोन्ही आकडे बरेच खाली असतात.

बागेत बघायची वेळ म्हणजे एप्रिलच्या खरड छाटणीनंतरचे चाळीस ते साठ दिवस. त्या काळात काडीवरच्या डोळ्यात, म्हणजे कोंब फुटायच्या जागी, सूक्ष्म घडनिर्मिती होते, आणि ऑक्टोबरच्या छाटणीनंतर घड किती निघणार ते तिथंच ठरतं. डोळ्याला ऊन लागलं पाहिजे. छाटणी लांबली तर हा काळ जूनच्या आभाळात सापडतो, मग दाट मांडव आणि ढग दोन्ही मिळून घड कमी करतात. म्हणून काड्यांची विरळणी आणि शेंडा मारणं वेळेवर.

मोजायला फोनवर लक्स (उजेडाचं माप) दाखवणारं ॲप घ्या. दुपारी बारा ते एकच्या दरम्यान, निरभ्र दिवशी, फोनचा पडदा आकाशाकडं करून आधी बागेबाहेर उघड्यावर आकडा घ्या. मग मांडवाच्या तारेखाली काड्यांच्या उंचीवर पाच-सहा ठिकाणी. आकडे जसेच्या तसे मानू नका, प्रत्येक फोनचा वेगळा असतो. उघड्यावरच्या आकड्याचा कितवा हिस्सा आत येतो तेवढं बघा आणि दर वेळी तोच फोन वापरा. लक्स हे माप माणसाच्या डोळ्याला धरून केलेलं आहे आणि डोळ्याला हिरवा जास्त दिसतो. मांडवातून गाळून खाली येणारा उजेड हिरव्याकडंच झुकलेला असतो, कारण तांबडा-निळा वरच्या पानांनी आधीच घेतला. त्यामुळं फोन दाखवतो त्याहूनही पानाच्या कामाचा उजेड आत कमीच असतो. ॲपवर दहावा हिस्सा दिसत असेल तर तिथं विरळणीची कात्री चालवायला हरकत नाही.